बाळाच्या वतीने

विळ्याचं टोक चुलीतल्या निखाऱ्यांत खुपसून ठेवतात. ते लाल झालं की बाळाला मांडीवर आडवं घेतात, कुणीतरी हातपाय घट्ट धरतं आणि बेंबीच्या भोवतीने ते टोक टेकवलं जातं. एकदा टेकवून थांबत नाहीत. पोट फुगलेलं दिसत असेल तर पुन्हा, आणि पुन्हा. मेळघाटात याला डंबा देणं म्हणतात. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे 65 चटके दिल्याचं उघड झालं. त्या बाळाला श्वास घ्यायला त्रास होत होता.

अशी बातमी आली की मथळ्यात 'अघोरी' हा शब्द येतो, दोन दिवस हळहळ होते, गुन्हा दाखल होतो आणि विषय मिटतो. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या गावाचं नाव येतं. या बातम्यांत एक गोष्ट नेहमी सुटते. ज्या घरात डंबा दिला जातो, त्या घराला ते मूल हवं असतं. विळा तापवणारी म्हातारी रात्रभर त्याच बाळाला घेऊन बसलेली असते. हे समजून घेतलं नाही तर शंभर गुन्हे दाखल करूनही एक मूल वाचणार नाही, असं माझं मत आहे, आणि हा सगळा लेख त्या मताची तपासणी आहे.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. सातपुड्याचे डोंगर, सागाचं जंगल, 1974 पासूनचा व्याघ्रप्रकल्प आणि त्यात विखुरलेली कोरकूंची गावं. 1993 साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून मंत्री आले, समित्या आल्या, न्यायालयाने सरकारला वारंवार जाब विचारला. या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून गावात भूमका आहे आणि पडियार आहे. भूमका गावाची पूजाअर्चा सांभाळतो, झाडपाला जाणतो. पडियाराच्या अंगात येतं आणि कोणता देव रुसला, कुणाची नजर लागली हे तो सांगतो. कोंबडं कबूल केलं जातं, धागा बांधला जातो, अंगारा लावला जातो. डंबा याच साखळीतला एक दुवा. पोटात काहीतरी शिरलं आहे आणि ते आगीला भिऊन बाहेर पडतं, ही त्यामागची समजूत.

यातलं वैद्यकशास्त्र मुळातून पाहायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते त्याने. नवजात बाळ पोटाने श्वास घेतं. न्यूमोनिया झाला, धाप लागली की त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होऊ लागतं, छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर आतड्याची हालचाल मंदावते आणि पोट खरोखरच फुगतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बाईला नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखता यावा म्हणून काही लक्षणं निश्चित केली. बाळाचं रडणं क्षीण होणं, दूध ओढणं थांबणं, अंग थंडगार किंवा तापलेलं लागणं, बाळ मलूल होणं, श्वासाबरोबर कण्हणं. आणि त्याच यादीत आहे पोट फुगणं.

म्हणजे कोरकू आजीने पाहिलेलं लक्षण खरं होतं. बाळ गंभीर आहे, हे तिने बरोबर ताडलं होतं. शहरातल्या कितीतरी शिकलेल्या आईबापांना जे कळलं नसतं ते तिला कळलं. चूक झाली ती त्यानंतर. आधीच जंतूंशी झुंजणाऱ्या बाळाच्या कातडीला तिने पासष्ट ठिकाणी भोकं पाडली, आणि ज्या तासांत प्रतिजैविकाचं इंजेक्शन मिळायला हवं होतं ते तास भाजलेल्या जखमा निवण्याची वाट पाहण्यात गेले.

धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावर तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेबरोबर, आशाताईबरोबर, गेलो असताना एका घराच्या ओसरीवर अशीच एक आजी भेटली. साठीच्या पुढची. नातवंडाला पाजून सून आत निजली होती. डंब्याचा विषय काढल्यावर आशाताई जराशी अवघडली, पण आजी अजिबात अवघडली नाही. तिने लुगड्याचा पदर बाजूला केला आणि स्वतःचं पोट दाखवलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे फिकट वण, ओळीने, सुरकुत्यांत मिसळून गेलेले. "हमको भी दिया था. मेरे सब बच्चों को दिया," ती म्हणाली. किती मुलं, असं विचारलं. तिने बोटं मोजली. त्यातली काही बोटं तिने पुन्हा मिटली. मिटलेल्या बोटांबद्दल ती काही बोलली नाही, आणि मलाही पुढे विचारवलं नाही.

परतताना आशाताई म्हणाली, "माय ऐकते माझं. वजन करू देते, लस देऊ देते. पण रात्री बाळ रडलं की मी माझ्या घरी असते आणि ती तिथं."

त्या वणांत डंब्याच्या टिकून राहण्याचं अर्धं उत्तर आहे. तान्ह्या बाळांची पोटं बहुतेक वेळा वाऱ्याने फुगतात आणि आपोआप उतरतात. डंबा दिलेली पुष्कळ मुलं जगतात, मोठी होतात, त्यांना नातवंडं होतात. जगलेला प्रत्येक माणूस त्या उपचाराचा साक्षीदार म्हणून गावात वावरत असतो. जी मुलं गेली त्यांची साक्ष काढायला कुणी नसतं.

कोकणात विंचवाच्या बाबतीत नेमकं हेच घडत होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, आणि त्यांत मुलं फार, हृदय आणि फुप्फुस निकामी होऊन त्यांच्यासमोर दगावत होती. गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. पण विंचू चावलेल्या बहुतेकांना नुसत्या वेदना होतात आणि काही तासांत त्या ओसरतात. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाचा नावलौकिक या बहुतेकांवर उभा होता. ज्या मुलाला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, त्याच्या वाट्यालाही आधी मंत्रच यायचा. बावस्करांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून पाहिली, 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकांत आपली निरीक्षणं छापली, आणि मृत्यूचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत आलं. मंत्राविरुद्ध व्याख्यानं देऊन जे झालं नसतं ते घडलं, कारण दवाखान्यात गेलेलं मूल जिवंत घरी येताना गावाने पाहिलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं दारिद्र्याचं आणि निरक्षरतेचं दुखणं आहे. शाळा काढा, रस्ते करा, सुटेल. रस्ते तर हवेतच. धारणीहून अमरावतीचं मोठं रुग्णालय जवळपास दीडशे किलोमीटर आहे आणि मधे घाट आहे. पण हे उत्तर अपुरं आहे, आणि ते अपुरं का आहे हे दाखवायला मला अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जावं लागेल.

तिथल्या रीटा स्वॉन इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवलेल्या, त्यांचे पती गणिताच्या क्षेत्रातले. दोघंही 'ख्रिश्चन सायन्स' पंथात वाढलेले. मेरी बेकर एडी यांनी 1879 साली बॉस्टनमध्ये स्थापन केलेल्या या पंथाची शिकवण अशी की आजार हा मनाचा भ्रम असतो आणि तो प्रार्थनेने दूर होतो. पंथाचे मान्यताप्राप्त प्रार्थनाकार असतात, ते शुल्क घेऊन रुग्णासाठी प्रार्थना करतात. 1977 च्या उन्हाळ्यात स्वॉन दांपत्याच्या सोळा महिन्यांच्या मुलाला ताप आला. प्रार्थना सुरू झाली. ताप वाढला, मूल मान हलवेना, झटके येऊ लागले. आईला शंका येत होती, पण शंका घेतल्यानेच प्रार्थना निष्फळ ठरते असं तिला शिकवलेलं होतं. अनेक दिवस गेल्यावर प्रार्थनाकार बाई म्हणाल्या, कदाचित मानेचं हाड मोडलं असेल. हाड बसवायला डॉक्टरकडे जाण्याची मुभा पंथात आहे. त्या एका फटीतून आईबाप मुलाला घेऊन रुग्णालयात धावले. निदान झालं मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग. आठवड्याभरात मूल गेलं. वेळेत प्रतिजैविकं मिळाली असती तर ते वाचण्याची दाट शक्यता होती. ज्या जंतूने ते गेलं त्यावरची लस आज आपल्याकडे पेंटाव्हॅलंटच्या सुईतून अंगणवाडीत टोचली जाते.

या घरात डॉक्टरेट होती, गाडी होती, रुग्णालय शहरातच होतं. तरीही त्या आईची अवस्था आणि कोरकू सुनेची अवस्था यांत मला फरक दिसत नाही. दोघींना बाळाकडे पाहून आतून कळत होतं, आणि दोघींच्या वर कुणीतरी होतं ज्याचा शब्द मोडणं म्हणजे देव मोडणं.

स्वॉन दांपत्याने पंथ सोडला आणि रीटाबाईंनी आयुष्य या एका कामाला दिलं. त्यांना समोर दिसला तो कायदा. 1974 साली अमेरिकेत बालकांच्या छळाला आळा घालणारा संघराज्याचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीच्या नियमांत राज्यांना एक अट घातली गेली: धार्मिक श्रद्धेपोटी मुलाला वैद्यकीय उपचार न देणाऱ्या पालकांना हेळसांडीच्या आरोपातून सूट द्या. संघराज्याचा पैसा हवा असेल तर सूट द्या, असा तो मामला होता. 1983 मध्ये ती अट काढली गेली, पण तोवर बहुतेक राज्यांच्या कायद्यांत सवलत शिरली होती. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1944 सालीच सांगितलं होतं की आईबापांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी खुशाल हुतात्मा व्हावं, मुलांना हुतात्मा करण्याचा हक्क त्यांना नाही, त्याच देशात हे घडलं.

1998 साली बालरोगतज्ज्ञ सेथ अ‍ॅसर आणि रीटा स्वॉन यांनी 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. 1975 ते 1995 या काळात श्रद्धेमुळे उपचार न मिळाल्याने दगावलेल्या 172 मुलांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी 140 मुलं अशा आजारांनी गेली होती ज्यांत उपचार मिळाल्यास शंभरातली नव्वदहून अधिक मुलं वाचतात. आकडा देशाच्या मानाने लहान आहे. पण त्यातलं एकेक मूल औषधाच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर गेलं होतं. ओरेगन राज्यात एका छोट्या पंथातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर 2011 साली सवलत रद्द झाली. शेजारच्या आयडाहोत ती टिकून राहिली.

आपण महाराष्ट्रातले सुशिक्षित वाचक यापासून फार दूर नाही. गोवर आला की अजूनही अनेक घरांत, फ्लॅटसंस्कृतीतल्या घरांतसुद्धा, दाराला कडुलिंबाचा टहाळा लागतो, फोडणी बंद होते, देवीचा कोप होईल म्हणून औषध दिलं जात नाही. टहाळ्याने काही बिघडत नाही. मूल घरात राहिलं तर इतरांना लागण कमी होते हेही खरं. पण गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ चा डोस मिळायला हवा, त्याने डोळे वाचतात आणि जीवही वाचतो. आणि श्वास जोरात चालू लागला तर देवीची सात दिवसांची मुदत पाळत बसता येत नाही. 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुलं गेली. लस न घेतलेल्यांची संख्या तिथे मोठी होती. धर्माबद्दलच्या अफवा, रोजगार बुडण्याची भीती आणि यंत्रणेवरचा अविश्वास यांचं ते मिश्रण होतं. पोलिओच्या वेळी अशाच वस्त्यांत मशिदीतून इमामांनी आवाहन केलं आणि दारं उघडली, हा अनुभव देशाच्या गाठीशी आहे. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात त्या इमामांचाही वाटा आहे.

महाराष्ट्राकडे कायदा आहे, आणि तो रक्त सांडून मिळालेला आहे. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणं त्याच्या अनुसूचीत आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणंही आहे. आणि वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, हरिपाठ यांना हा कायदा हात लावत नाही, हे त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यांनी या कायद्याला धर्मबुडवा म्हणून वर्षानुवर्षं अडवलं, त्यांनी ते कलम कधी वाचलं असेल असं वाटत नाही.

कायदा हवाच. जो पैसे घेऊन चटके देतो आणि घरच्यांना दवाखान्याची वाट अडवतो, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. यात मला शंका नाही. पण डंब्याच्या प्रकरणांत आरोपी अनेकदा घरातलीच म्हातारी असते. पोलीस तिला न्यायला आले की शेजारच्या चार घरांना वेगळाच धडा मिळतो: पोटावर वण असलेलं बाळ दवाखान्यात न्यायचं नाही, नेलं तर केस होते. मग भाजलेलं, तापलेलं बाळ कापडात गुंडाळून घरीच ठेवलं जातं. म्हणून माझं म्हणणं असं की आधी बाळ, मग पंचनामा. दवाखान्याच्या दारात आलेल्या आईला पहिला प्रश्न 'हे कुणी केलं' हा विचारला जाऊ नये. बाळ दूध ओढतं का, हा विचारला जावा.

आता गडचिरोलीकडे परत जाऊ. बंग दांपत्याने 1986 मध्ये काम सुरू केलं तेव्हा माडिया-गोंड लोकांना त्यांनी विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतात. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. आणि तिथे आमचा देव नाही. मग 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरातलं रुग्णालय गोंडांच्या गावासारखं, झोपड्यांच्या रचनेचं बांधलं गेलं, नातेवाइकांना सोबत राहण्याची सोय झाली आणि त्याला नाव दिलं गेलं माँ दंतेश्वरी रुग्णालय. देवी तिथे आहे. रुग्ण आधी तिला नमस्कार करतो, मग केसपेपर काढतो. यात विज्ञानाचं काय कमी झालं?

त्याच संस्थेने लिहितावाचता न येणाऱ्या दाईसाठी श्वास मोजण्याचं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले तर धोका. बाईला साठपर्यंत मोजता येण्याची गरज नाही, दहापर्यंत आलं की पुरे. पुढे 39 गावांत गावच्याच स्त्रियांना बाळाचं वजन, तापमान, श्वास पाहायला आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

डंब्याची बातमी ज्या बाळाची आली ते 22 दिवसांचं होतं. अशा प्रत्येक बातमीनंतर अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की एकविसाव्या दिवशी त्या घरी कोण गेलं होतं, तिच्या पिशवीत थर्मामीटर चालू होता का, तिला तिच्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले होते का, आणि रात्री फोन करायची वेळ आली तर त्या पाड्यावर रेंज येते का.

मेळघाटातही डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडात, डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी उतावलीत अशीच माणसं जोडत वर्षं काढली आहेत. भूमकांना आरोग्य यंत्रणेशी जोडण्याचे, त्यांनी रुग्ण दवाखान्यात आणला तर मानधन देण्याचे प्रयोग सरकारनेही केले. काहींना हा अंधश्रद्धेला दिलेला सरकारी पाठिंबा वाटतो. मला तसं वाटत नाही. भूमक्याने बाळाच्या कपाळाला अंगारा लावावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. त्याने 'जा' म्हटलं की सासू अडत नाही, सुनेला कुणाची परवानगी मागावी लागत नाही, आणि दोन कोंबड्यांच्या नवसात जाणारे सहा तास वाचतात.

आणखी एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे, तिला नवी इमारतही लागत नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात घरच्या माणसाला आत घेऊन त्याच्याकडून बाळाची शुश्रूषा करून घ्यावी, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना 2017 सालापासून आहे. अनेक ठिकाणी तरीही दाराबाहेर 'प्रवेश बंद'ची पाटी असते आणि आजी व्हरांड्यात गोणपाटावर बसून असते, आत बाळाचं काय चाललंय ते तिला कुणी सांगत नाही. तिला हात धुवायला लावून आत घ्यावं. बाळ उघड्या छातीशी कसं धरायचं, श्वास कसे मोजायचे, पोट फुगलं तर दुसरं कोणतं लक्षण पाहायचं आणि कुठे फोन लावायचा हे तिला, तिच्या भाषेत, कोरकू बोलणाऱ्या परिचारिकेकडून शिकवावं. गावात परत गेल्यावर पुढच्या बाळाजवळ रात्री तीच बसणार आहे.